पिण्याच्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये : एक दुर्लक्षित प्रश्न

पावसाळ्याच्या आरंभी ओढ्या-नाल्यांतून येणारे पाणी गढूळ असते. हा गढूळपणा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो दूर करण्याकडे लक्षही दिले जाते. परंतु माती तळाशी बसून पाणी निवळल्यानंतरही त्यात कित्येकदा पिवळसर वा तपकिरी छटा राहते. कुजलेली पाने, गवत, मुळे व शेवाळ यांतून पाण्यात उतरलेल्या सेंद्रिय द्रव्यांची ही छटा होय. चहा गाळला तरी त्याचा रंग जात नाही, तसाच हा प्रकार आहे. या द्रव्यांत ह्युमिक व फल्व्हिक ही आम्ले प्रमुख असतात.

ही द्रव्ये का काढावीत?

ही द्रव्ये स्वतः विषारी नसतात. तरीही ती तीन कारणांनी त्रासदायक ठरतात. पहिले कारण म्हणजे त्यांच्यामुळे पाण्याला रंग व वास येतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जंतुनाशासाठी घातलेला क्लोरीन प्रथम या द्रव्यांवरच खर्च होतो. एक लाख लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन पुरत असेल, तर २५ टक्के क्लोरीन असलेली टी.सी.एल. पावडर ८०० ग्रॅम लागते. सेंद्रिय द्रव्यांमुळे ही गरज ५ मिलिग्रॅमवर गेली, तर त्याच पाण्याला २ किलो पावडर लागेल. नेहमीचीच मात्रा घालणाऱ्या गावात अशा वेळी पाणी शुद्ध केल्याची नोंद होते, पण जंतू मात्र जिवंत राहतात.

तिसरे कारण १९७४ साली उजेडात आले. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील जलशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिले की, क्लोरीन व नैसर्गिक सेंद्रिय द्रव्ये यांच्या संयोगातून क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. या गटास ट्रायहॅलोमिथेन असे म्हणतात. अशी संयुगे अधिक प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेल्यास कर्करोगाचा धोका वाढण्याची शक्यता अभ्यासकांनी वर्तविली आहे. अमेरिकेने १९७९ साली त्यांच्या एकूण प्रमाणावर लिटरमागे ०.१० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत क्लोरोफॉर्मसाठी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा दिलेली आहे.

यावरून क्लोरीनच बंद करावा, असा निष्कर्ष काढणे मात्र घातक ठरेल. कॉलरा, विषमज्वर व कावीळ यांचा धोका तत्काळ व निश्चित असतो. त्या मानाने या संयुगांचा धोका दूरचा व अल्प असतो. म्हणून क्लोरीन कमी करणे हा उपाय नव्हे. क्लोरीन देण्यापूर्वी सेंद्रिय द्रव्ये कमी करणे हाच खरा उपाय होय.

तुरटीचे कार्य

सेंद्रिय द्रव्यांच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियमच्या धन भारामुळे ते एकत्र येतात, त्यांचे पुंजके बनतात व निवळण टाकीत तळाशी बसतात. उरलेले पुंजके वाळूच्या गाळणीत अडकतात. केवळ माती बसविण्यासाठी लागते त्याहून अधिक तुरटी येथे लागू शकते. पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असताना हे कार्य उत्तम होते. गाळणीनंतर आवश्यकतेप्रमाणे चुना देऊन सामू पूर्ववत करावा लागतो.

योग्य मात्रा ठरविण्यासाठी जार चाचणी करावी. एकसारख्या पात्रांत एक-एक लिटर कच्चे पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीची वेगवेगळी मात्रा घालावी. ते एक मिनिट वेगाने व नंतर सुमारे वीस मिनिटे सावकाश ढवळावे, मग अर्धा तास स्थिर ठेवावे. पाहताना गढूळपणाबरोबर रंगही पाहावा. पावसाळ्यात पाणी रोज बदलते, म्हणून चाचणीही वारंवार केली पाहिजे.

तुरटीनेही न निघणारी सूक्ष्म द्रव्ये नारळाच्या करवंटीपासून बनविलेल्या क्रियाशील कोळशाने शोषून घेता येतात. मात्र हा कोळसा ठरावीक काळाने बदलावा लागत असल्याने खर्च वाढतो. निवळीच्या किंवा शेवग्याच्या बियांनी गढूळ पाणी निवळते हे खरे. परंतु त्या बियांतील सेंद्रिय अंश पाण्यात उतरतो व क्लोरीनची गरज वाढवितो, याचे भान ठेवावे.

ग्रामपंचायतीने काय करावे?

विहिरीत पालापाचोळा पडू नये म्हणून तोंडावर जाळी बसवावी. तलावातील जलपर्णी व शेवाळ वेळोवेळी काढावे. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनची मुख्य मात्रा शक्यतो गाळणीनंतरच द्यावी. पावडर घातल्यावर अर्ध्या तासाने, तसेच शेवटच्या नळाशी, ओ.टी. चाचणी घ्यावी. तेथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. या चाचणीत क्लोरीनचा रंगही पिवळाच येतो. त्यामुळे पाण्याची मूळ छटा क्लोरीन म्हणून मोजली जाण्याचा संभव असतो. यासाठी औषध न घातलेल्या त्याच पाण्याची नळी शेजारी ठेवून तुलना करावी.

तुरटीची मात्रा, पाण्याचा रंग व शिल्लक क्लोरीन या तीन गोष्टींची रोजची नोंद एका वहीत ठेवल्यास, पुढील पावसाळ्यात कोणत्या आठवड्यात दक्षता वाढवावी हे ती वहीच सांगू शकेल. शाळांतील विज्ञान शिक्षकांनी या कामी जलसुरक्षकांना साहाय्य केले, तर विद्यार्थ्यांनाही प्रत्यक्ष प्रयोगाचा लाभ होईल.