दाखला काढण्याआधी

बाय, रत्नागिरीचं कॉलेज सोडून तिसऱ्या वर्षाला मुंबईला जायचं तुझ्या मनात आहे, असं तुझी आई सांगत होती. जा की, हरकत काहीच नाही. पण कॉलेजच्या ऑफिसात दाखल्यांच्या टेबलावर तुझ्या आत्याची उमर गेली, तेव्हा जाण्याआधी थोडं ऐकून घे.

मुंबई विद्यापीठ एकट्या मुंबईचं नाही. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, हे सगळं त्याच्याच हद्दीत. गोगटे-जोगळेकरमधून पास झालीस काय आणि माटुंग्याच्या रुपारेलमधून झालीस काय, पदवी त्याच विद्यापीठाची. म्हणजे ‘मुंबईची डिग्री’ हवी म्हणून आपलं पूर्णगड सोडायची काही गरज नाही. मग बदलणार काय, ते आधी स्वतःला विचार. मेजर विषय, शिकवणारी माणसं, प्रयोगशाळा, नाहीतर तुझा रोजचा दिवस. यातलं एखादं तरी खरोखर सुधारत असेल तरच बॅग भर. नुसत्या नावासाठी जाऊ नको.

आणि फोर्टातलं, चर्चगेटचं प्रत्येक जुनं कॉलेज मुंबई विद्यापीठातच असेल असं धरून चालू नको. एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. के. सी. आणि एच. आर. २०२० मध्ये एचएसएनसी विद्यापीठात गेली. तिथं जायचं तर विद्यापीठच बदलावं लागतं, म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट आलं, एलिजिबिलिटी आली, पुन्हा क्रेडिट धरण्याचा प्रश्न आला. आपले मुंबईकर शिमग्याला आले की त्यांच्या वेळचं सांगतात. मायेनंच सांगतात, पण प्रवेशाचं माहितीपत्रक तू स्वतः वाच.

स्वायत्त कॉलेजांचं जरा नीट समजून घे, कारण पोरं अडकतात ती इथंच. झेवियर्स २०१० पासून स्वायत्त, रुईयाही स्वायत्त. पदवी मुंबई विद्यापीठाची, पण अभ्यासक्रम त्यांचा आणि परीक्षाही त्यांची. तुझे झालेले पेपर त्यांच्या पेपरांशी जुळायला हवेत. त्यासाठी एक अख्खी दुपार मोकळी ठेव. दोन्हीकडचे अभ्यासक्रम छापून आण. डाव्या हाताला तुझ्या चारही सेमच्या मार्कशीट, उजव्या हाताला त्यांचा कागद, आणि पेन्सिल घेऊन एकेक पेपर ताडून बघ. नाव काय, क्रेडिट किती, थिअरी की प्रॅक्टिकल, आणि आत कुठले धडे. नाव तेच आणि आतला मजकूर निराळा, असं पुष्कळदा असतं. इथं सेम चारला शिकलेला भाग तिथं सेम पाचला असतो. मग तो तू दोनदा शिकतेस आणि दुसरा एखादा भाग तुला कधीच कोणी शिकवत नाही. पुढं एम.एस्सी.ला गेल्यावर ते भोक दिसतं. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुझी क्रेडिट जमा दिसतात, ही सोय चांगलीच झाली. पण खात्यावर जमा असणं वेगळं आणि त्या कॉलेजनं ती तुझ्या मेजरसाठी धरणं वेगळं. विभागप्रमुखांना भेट, आणि ते ‘होऊन जाईल’ म्हणाले तर नम्रपणे लेखी माग. वाईट वाटून घेणारे भेटतील, तरी माग.

तुझा मेजर तिथं तिसऱ्या वर्षाला चालतो का, हेही विचार. चालत असला तरी आधी त्यांची स्वतःची मुलं, मग उरलेल्या जागा.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा कमानीपाशी फोटो काढून परतू नको. प्रॅक्टिकलच्या वेळेला जा. एका टेबलावर किती मुलं आहेत, उपकरणं हाताळायला मिळतात की लांबून दाखवतात, ते बघ. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना गाठून विचार, गेल्या सेमला तास किती झाले आणि सर नेहमीचे आहेत की तासिका तत्त्वावरचे. मुली खरं सांगतात.

राहणार कुठं, ते कॉलेज ठरवण्याआधी ठरव. आपल्याकडचे लोक डोंबिवलीला नाहीतर नालासोपाऱ्याला असतात. डोंबिवलीच्या मावशीकडे राहायचं तर रुईया सोयीचं, ते मध्य रेल्वेच्या माटुंग्याकडं. नालासोपाऱ्याच्या काकाकडे राहायचं तर रुपारेल, ते पश्चिमेच्या माटुंगा रोडजवळ. उलट केलंस तर रोज दादरचा पूल चढायचा, आणि प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळच्या गर्दीत परतायचं. पूर्णगडाहून पावसमार्गे एसटीनं रत्नागिरी गाठणं तुला आज जड वाटतं, पण त्या एसटीत बसायला मिळतं आणि वाचताही येतं.

मुंबईत शिकणाऱ्या कोणाला परत यायचं असेल तर त्यालाही हेच सांगेन. खोलीचं भाडं झेपत नसेल, घरी आजारपण असेल, तर इकडं बदली घेण्यात कमीपणा कसला? विद्यापीठ तेच आहे.

आता कागद. नवीन कॉलेजचं प्रवेश देत असल्याचं पत्र हातात पडेपर्यंत इथला दाखला काढायचा नाही. आधी ना-हरकत, मग तिकडचं पत्र, मग दाखला. दाखला काढलास की इथली जागा गेली, आणि तिकडं नाही म्हणाले तर वर्ष गेलं. एटीकेटी असेल तर तो पेपर कुठल्या कॉलेजातून द्यायचा, हे दोन्ही ऑफिसांना विचार. सही झालेली जर्नलं जवळ ठेव, रद्दीत घालू नको. महाडीबीटीची शिष्यवृत्ती घेतेस ना? मग या वर्षीचा अर्ज इथल्या कॉलेजनं पडताळून पुढं पाठवलाय का, ते बघ. पुढच्या वर्षी प्रोफाइलमध्ये कॉलेजचं नाव बदलायचं राहिलं तर अर्ज भलत्याच ऑफिसात जाऊन पडतो. सोमवारी मार्कशीट घेऊन ये, पेपर आपण दोघी मिळून ताडून बघू.