जवळची मीटिंग टाळू नका

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माणसाला दारू सोडायची झाली की तो दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगबद्दल आधी विचारतो, "लांबची कुठं आहे?" घराला घर लागलेली जुनी वस्ती आमची. कोण कुठल्या जिन्यानं वर गेलं, हे सगळ्यांना दिसतं. मीही तेच विचारलं होतं. आता मला कुणी विचारलं, तर मी त्याला सगळ्यात जवळची मीटिंग शोधायला सांगतो. आपण पितो हे गल्लीला कधीचंच ठाऊक असतं. कुणी पाहिलं नाही, हा समज फक्त पिणाऱ्याचा. लांब जायचं म्हटलं की पाऊस आडवा येतो, गाडीत पेट्रोल नसतं आणि वाटेत दुकानं लागतात. ज्या संध्याकाळी तलफ गळा धरते, त्या संध्याकाळी पायी पोचता येईल तीच मीटिंग उपयोगाची.

पण त्याच्याही आधी डॉक्टर. सकाळी हात थरथरतात म्हणून ज्याला घोट घ्यावाच लागतो, त्यानं मनाच्या जोरावर एकदम दारू तोडू नये. मी तोडली होती. तिसऱ्या रात्री अंगावरच्या चादरीवर मुंग्या दिसायला लागल्या. चादरीच्या नक्षीच्या रेघेरेघेनं त्या वर चढत होत्या. मी झटकत होतो आणि बायको दिवा लावून म्हणत होती, "अहो, काही नाहीये तिथं." घामानं गादी भिजली होती. तिनं आणि धाकट्या भावानं मला रिक्षात घालून सिव्हिलला नेलं म्हणून मी वाचलो. शेवटच्या प्याल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, ताप चढतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. डॉक्टर औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हे दिवस पार पाडतात. मीटिंगचं काम त्यानंतर सुरू होतं. "गोळ्या कशाला, आमच्यात बसा, सगळं सुटेल," असं म्हणणारा भेटला तर तिथून उठा. घरच्यांनीही न सांगता जेवणात मिसळायच्या पुड्यांच्या नादी लागू नये. दारूची अंगावर रिअ‍ॅक्शन आणणारं औषध त्यात असलं आणि माणूस त्यावर प्यायला, तर जिवावर बेततं.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे आपल्याकडे म्हणतात ते ए.ए., १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालं. एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूनं पोखरलेले, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातून ते उभं राहिलं. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा पुरते. फी नसते. वर्गणी गोळा होते, पण ती ऐच्छिक, आणि बाहेरच्यांची देणगी ए.ए. घेत नाही. त्यामुळे ए.ए.च्या नावावर कुणी प्रवेश फी किंवा डिपॉझिट मागितलं, तर ते ए.ए. नव्हे. या पद्धतीचा उपयोग होतो का, हे २०२० मध्ये वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेच्या आढाव्यात सत्तावीस अभ्यासांवरून तपासलं गेलं. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ती इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतींत सरस ठरली.

तरी सगळे गट सारखे नसतात. मी सुरुवातीला एका ठिकाणी गेलो, तिथं एक जुना सभासद नव्या माणसाला सगळ्यांसमोर उलटतपासणीसारखं विचारत होता: किती प्यायचास, बायकोवर हात उचललास का? त्या पोराची मान वर येईना. शेअरिंग असं नसतं. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये न तोडता ऐकायचं. मी दुसरा गट धरला. तिथं यंत्रमागावर काम करणारे एक अण्णा मराठीत सुरुवात करतात आणि आईचा विषय निघाला की तेलुगूत जातात. कुणी अडवत नाही. सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी सगळंच बोललं जातं. ज्या भाषेत रडू येतं, ती बोलता येईल असाच गट निवडावा. मी एकदा गेलो नाही, तर त्याच रात्री अण्णांचा फोन आला. "का आला नाहीत?" एवढंच विचारलं त्यांनी. त्या विचारण्यानं मी त्या गटाचा झालो.

आठवड्याचा पगार ज्याच्या हातात पडतो, त्यानं पगाराच्याच दिवशीची मीटिंग बघावी. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होऊन आलेल्यांनाही मीटिंग लागतेच. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं उभं केलेलं. तिथंही घरी गेल्यानंतरच्या फॉलोअपवर भर असतो. बायकोला, आईला स्वतःचा आधार वेगळा हवा. त्यासाठी १९५१ पासून अल-अ‍ॅनन आहे, आणि मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. माझ्या बायकोची झोप मी पिणं सोडल्यावर लगेच परत आली नाही. तिलाही कुणाशी तरी बोलावं लागलं.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही मोफत. मीटिंगचा पत्ता मिळाला की 'ओपन' आहे की 'क्लोज्ड' हे विचारून घ्या. क्लोज्डला फक्त दारू सोडू पाहणारेच बसतात. ओपनला बायको, भाऊ, मित्र कुणीही सोबत येऊ शकतं. एकट्यानं जायचा धीर होत नसेल तर ओपनला जा. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. नुसतं ऐकत बसलं तरी चालतं, आणि तिथं ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हा नियम तुमच्याइतकाच बाकीच्यांनाही लागू असतो.