घोडी घ्यावी की खच्ची घोडा?

पोरी, शेतावर रोज फेरी मारायला घोडं घ्यायचं तुझ्या डोक्यात बसलंय आणि यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात जायचंही ठरलंय, असं तुझ्या आईकडून कळलं. तिचा सूर काही बरा नव्हता. तिला मी बघून घेईन. तू एवढंच विचारलंस की घोडी घेऊ की खच्ची घोडा? उत्तर एका ओळीत देता येतं, पण मग काकानं इतकी वर्षं लीद उपसून काय मिळवलं? तेव्हा चहा घे आणि निवांत वाच.

१. आधी तिसऱ्याचं नाव यादीतून काढ. आंडील घोडा कितीही देखणा असो, तुझ्यासाठी नाही — पलीकडच्या वाडीत घोडी माजावर आली की त्याला लगाम आठवत नाही, आणि पाठीवर तू आहेस हेही.

२. पहिलंच घोडं असेल तर आठ-दहा वर्षांचा, कामाला लागलेला खच्ची घोडा बघ — तो सोमवारी जसा असतो तसाच शनिवारी असतो. स्वार नवा आणि घोडंही नवं, की शिकवणीची फी दवाखान्यात भरावी लागते.

३. खच्ची म्हणजे कमजोर, हे टपरीवरचं ज्ञान टपरीवरच ठेव — अमेरिकेतला केल्सो हा खच्ची घोडा १९६० ते १९६४ अशी सलग ५ वर्षं तिथल्या शर्यतींतला वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरला होता. टेक्सासच्या रँचवर गुरं वळणाऱ्या गड्यांचा घोड्यांचा ताफा, म्हणजे रेमुडा, तोही परंपरेनं खच्ची घोड्यांचाच; माद्यांवरून ताफ्यात भांडणं नकोत म्हणून.

४. म्हणून घोडीला कमी लेखू नकोस. अरबस्तानातले बदाऊन छाप्याला घोडीच नेत — परकी घोडी-घोडे दिसले तरी ती खिंकाळून बोभाटा करत नाही. उलट अर्जेंटिनातल्या गाउचोला घोडीवर बसणं म्हणजे अब्रू गेल्यासारखं वाटे, आणि त्याचेच सगळे घोडे गळ्यात घंटा बांधलेल्या एका घोडीमागून निमूट चालत. आता यात शहाणं कोण, ते तूच ठरव.

५. आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. तापीकाठच्या त्या बाजारात मारवाडी, काठेवाडी, नुकरे असे एकाहून एक उभे असतात, पण खच्ची घोडा शोधावा लागतो — वरातीला लोकांना घोडी हवी, पैदाशीला आंडील. मधल्याला गिऱ्हाईक कुठलं? शांत खच्ची घोडा हवा तर घोडेस्वारी शिकवणाऱ्या क्लबांत विचार, नाहीतर पुण्या-मुंबईच्या शर्यतीतून निवृत्त झालेल्यांत बघ.

६. शर्यतीतून आलेला घेतलास तर पहिले काही महिने त्याला नुसतं चालायला शिकव — लगाम ओढला की अंग झोकून पळायचं, एवढीच त्याची शाळा झालेली असते. पुढच्या पायांच्या नळीमागून हात फिरव. शीर गरम किंवा फुगीर लागली तर किंमत न विचारता पुढे चल.

७. विकणारा ‘खच्ची आहे’ म्हणाला की दोनच प्रश्न विचार: कधी केला आणि कोणी केला? — चार-पाच वर्षं आंडील राहून मग खच्ची झालेल्याच्या खोडी पुष्कळदा तशाच राहतात. एखाद्याची एक गोळी पोटातच राहिलेली असते. बाहेरून खच्ची, आतून नवरदेव. शंका आली तर डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घे, त्यात कळतं.

८. आवडलेला आंडील घेऊन खच्ची करायचा विचार असेल तर तो थंडीत कर, पशुवैद्यांकडून, भूल देऊन आणि धनुर्वाताची लस टोचून — पावसाळ्यात माश्या जखम सोडत नाहीत. नंतर त्याला रोज चालव म्हणजे सूज उतरते, आणि दीड महिना घोड्यांपासून नव्हे, घोड्यांच्या बायकांपासून लांब ठेव. काही दिवस त्याच्यात फळवण्याची ताकद उरलेली असते.

९. खच्ची घोड्याची एक सेवा कोणी सांगत नाही, लाजतात. मुताच्या जागेची खोळ वर्षातून दोनदा तरी कोमट पाण्यानं धुऊन घ्यावी लागते — आत मळ साठून चिंचोक्याएवढी गोळी होते. धार सरळ न येता उडायला लागली, किंवा मुतायला उभा राहून तो नुसताच ताटकळला, तर समज. पहिल्यांदा डॉक्टरांना करू दे, तू शेजारी उभी राहून बघ.

आता घोडीकडे येऊ. इथं जरा रेंगाळणार आहे, कारण मला ठाऊक आहे, बाजारात तुझं मन घोडीवरच जाणार.

१०. घोडी आणलीस की कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, तिच्या माजाची तारीख लिहायला लाग — साधारण २१ दिवसांनी फेरा येतो आणि पाच-सात दिवस राहतो. थंडीत बहुतेक घोड्या गप्प असतात. दिवस मोठा व्हायला लागला की सुरू होतात. म्हणून डिसेंबरच्या बाजारात पाहिलेला स्वभाव चैत्रातल्या स्वभावाची हमी देत नाही.

११. माजाची खूण डोळ्यांनी शीक: शेपूट उचलून धरणं, थोडं थोडं मुतणं, शेजारचं घोडं नाक लावायला आलं की किंचाळून मागं सरणं — तीन-चार फेरे लक्षात ठेवलेस की त्या दिवसांत घोळक्यात न्यायचं नाही, बांधाबांधानं एकटीनं हिंडवायचं, एवढं पुरतं. पुष्कळ घोड्यांचं तर काहीच जाणवत नाही. उगाच बदनामी झालीय.

१२. तंग आवळताना कान मागं टाकून पोटाकडे दात नेते, आणि हे रोज, फक्त माजात नव्हे, तर आधी खोगीर उलटं करून बघ — घोडी चिडकी नसते, खोगीर चिडकं असतं. गादीतला घट्ट गोळा, पाठीवर मानेमागच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना घामानं न भिजलेला कोरडा पट्टा, तंगाखाली अडकलेली काडी: यातलं काही सापडलं नाही तर मग पोट, दात आणि गर्भाशय डॉक्टरांनी तपासावं. बाईमाणसाचं दुखणं ‘स्वभाव’ म्हणून खपवायची खोड आपल्याकडे जुनी आहे, ती तबेल्यात तरी नको.

१३. घेण्याआधी गाभण आहे का ते डॉक्टरांकडून तपासून घेच — घोडी ११ महिने वागवते आणि सहाव्या-सातव्या महिन्यातही कधी कधी पोटावरून कळत नाही. एक विकणारा गाभण असल्याचं लपवतो, दुसरा नसतानाच सांगून भाव वाढवतो. शेवटच्या तीन महिन्यांत तिला कष्टाची स्वारी नाही, म्हणजे तुझी रपेट बंद.

१४. दात बघताना फसू नकोस. दुधाचे पुढचे दात अडीच वर्षांपासून बदलायला लागतात आणि पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं — पण सुळे बहुधा नरालाच येतात. ‘सुळे नाहीत, म्हणजे कोवळी आहे,’ असं घोडीबद्दल कोणी म्हणालं तर हसून पुढे जा.

१५. देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, आहे म्हणून लाखभर जास्त देऊ नकोस, आणि भोवरा वाईट म्हणून चांगली घोडी सोडू नकोस — भोवऱ्यानं लंगडणारं घोडं अजून जन्माला यायचंय. लोकांनी भोवऱ्यापायी टाकलेली घोडी स्वस्तात पडते, तिथं तुझी चांदी.

१६. नाचणाऱ्या घोडीवर भाळू नकोस — बाजारात नाचते ती बांधावर अडते. रेवाल चाल असेल तर मात्र थोडं जास्त मोज, त्या चालीत पाण्याचा पेला हातात धरून बसता येतं.

१७. घोडं थंड असताना बघ, भल्या पहाटे, न सांगता जाऊन — आधी तासभर पळवून दमवलेलं कुठलंही घोडं साधू दिसतं.

१८. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला हातात आल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही, घोडी असो की घोडा — हा रोग माणसालाही होतो, आणि झालेल्या घोड्याला मारावंच लागतं. ‘दाखला मागून पाठवतो’ म्हणणाऱ्याला म्हणावं, पैसेही मागून पाठवते.

१९. पैशाचंही बोलू. घोडी लंगडी झाली तरी पुष्कळदा शिंगरू देते, खच्ची म्हातारा झाला की नुसता आशीर्वाद देतो — म्हणून घोडीचा भाव टिकतो. पण पैदास हा वेगळा धंदा आहे, रपेटीचा जोडधंदा नव्हे. एका शिंगरामागे वर्ष-दीड वर्ष घोडी अडकते.

२०. पुढेमागे दोन-तीन जनावरं झाली तर दोन खच्ची आणि मध्ये एक घोडी अशी मोट बांधू नकोस — दोघं तिची राखण करतात, एकमेकांना चावे घेतात आणि तिला बाहेर काढलं की मागे दावं तोडतात. घोडं घ्यावं पाठीवरून, जागा द्यावी शेपटीवरून: लाथ मारणारीच्या शेपटीला लाल फीत बांध आणि मागे एका घोड्याची जागा मोकळी सोड.

आता माझं मत विचारलंस तर पहिला खच्ची, आणि दोन-तीन वर्षांनी हात बसला की घोडी. पण पहाटे थंड अंगानं शांत उभी राहणारी, तंग आवळताना कान न पाडणारी घोडी समोर आली आणि खच्ची म्हणून पुढे केलेला डोळे वटारत असला, तर काकाचं मत खिशात ठेव आणि घोडी घेऊन ये.

२१. घरी आणलेल्या जनावराला एकटं बांधू नकोस. दुसरं घोडं परवडत नसेल तर शेळी ठेव — कळपातलं जनावर आहे, एकटं पडलं की लाकूड चावत बसतं. शेळी मात्र पहिले आठ दिवस घोडीच्या मागच्या पायांपासून लांब बांध.