शेपटीला तोंड टेकलं नाही

८ फेब्रुवारी २०२२, मंगळवार. संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना डाव्या कुशीत, बरगड्यांच्या मागच्या अंगाला, कुणी तापलेला उलथना टेकवावा तसं भाजलं. तारीख इतकी नेमकी सांगतो याचं नवल वाटू देऊ नका; पोस्टात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दिसेल त्यावर तारखेचा शिक्का मारायची खोड असते. वय पासष्ट, शुगर दहा वर्षांची, आणि दुखणं डावीकडं. मी ओवा-मीठ चघळत बसलो. बायको म्हणाली, "अहो, छातीत दुखतंय आणि ओवा कसला खाताय?"

दुसऱ्या दिवशी तिनंच दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, साफ निघाला. रक्त तपासलं, त्यातही हृदयाचं काही नव्हतं. डॉक्टरांनी दुखायची गोळी दिली, शर्ट वर करून पाठ पाहिली, काहीबाही विचारलं आणि कागदावर दोन ओळी खरडल्या. "हृदय ठीक आहे" हे कानावर पडल्यावर पुढचं कोण ऐकतं? कागदाची घडी करून खिशात टाकली आणि घरी येऊन निवांत जेवलो.

दुखणं मात्र निवांत नव्हतं. आत आग आणि वर कातडी अशी हळवी, की बनियनचं कापड लागलं तरी अंग चोरावं. शुक्रवारी सकाळी बायको बाम चोळायला बसली आणि थबकली. पाठीच्या कण्यापासून कुशीकडं लालसर पट्टा उठला होता आणि त्यावर मोत्यासारखे पाण्याचे फोड, घोसाघोसानं. शेजारच्याच घरातून वहिनी आल्या, लांबूनच पाहिलं आणि निकाल दिला: "नागीण आहे ही. दुर्वा-तांदळाचा लेप लावा, आणि उद्याच्या उद्या उतरवून आणा. तोंड शेपटीला लागलं म्हणजे संपलं."

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण माझी चूक नेमकी इथं झाली. आपल्याकडं काही आजारांच्या नावातच उपाय शिवलेला असतो. कावीळ म्हटली की माळ, मुतखडा म्हटला की पानफुटीचं पान, नागीण म्हटली की गेरू. नाव कानावर पडलं की पाय आपोआप त्या दाराकडं वळतात. वहिनी 'अंगावर फोड आलेत' एवढंच म्हणाल्या असत्या तर मी कदाचित परत दवाखान्यात गेलो असतो. 'नागीण' म्हणाल्या, आणि मी, बी.कॉम. झालेला, पेन्शनचे हिशेब तोंडपाठ करणारा माणूस, शनिवारी सकाळी एसटीत बसून तिसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या ओट्यावर उघड्या अंगानं बसलो.

त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पैसे घेत नव्हते. नारळ आणि उदबत्ती एवढंच. सहाणेवर गेरू उगाळला, पुटपुटत माझ्या पाठीपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत तो फासला, आणि त्या हाडावर बोटानं एक उभी रेघ ओढली. म्हणाले, "मास्तर, हितनं फुडं येनार न्हाई ती." शनिवार, रविवार, मंगळवार अशा तीन वाऱ्या सांगितल्या. मी तिन्ही केल्या. मधे सोमवारी मेडिकलवाल्याला फोड दाखवले, त्यानं एक मलम दिलं. त्यावर ॲसायक्लोविर लिहिलेलं होतं, म्हणजे आपण दोन्हीकडून बंदोबस्त केला अशी माझी समजूत. हे औषध नागिणीवर चालतं, पण पोटातून. वरून फासलेल्या मलमाचा या आजारात उपयोग नाही, हे मला पुढं कळलं.

रेघ मात्र खरी ठरली. फोड छातीच्या मधल्या हाडाशी येऊन थांबले. घरात सगळ्यांनी हात जोडले. आणि मंगळवारी रात्री मी गादीवर पालथा पडून उशी चावत होतो.

बुधवारी, फोड उठल्याच्या सहाव्या दिवशी, मुलगा ड्युटीवरून आला आणि त्यानं काही न विचारता गाडीत बसवलं. त्याच डॉक्टरांनी गेरू पाहिला, रागावले नाहीत. फक्त विचारलं, "मी लिहून दिलेला कागद कुठाय?" खिशातच होता. त्यावर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: 'या जागी पुरळ किंवा फोड उठले तर त्याच दिवशी येणे.' उभं आयुष्य लोकांची पत्रं वेळेत पोचवली आणि स्वतःच्या नावावर आलेली चिठ्ठी आठवडाभर फोडली नाही.

आता डॉक्टरांकडून आणि नंतर वाचून जे समजलं ते सांगतो. नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी आपल्याला कांजिण्या होतात, त्यांचाच विषाणू हा. अंगावरच्या कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू जात नाही. पाठीच्या कण्यालगत नसांच्या ज्या गाठी असतात त्यांत तो दडून बसतो, तीस-चाळीस-पन्नास वर्षं. मला कांजिण्या आल्या १९६५ साली, दुसरीत असताना. आईनं कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं. गंमत अशी की त्याच वर्षी होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरनं आपल्या पेशंटांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी मांडून सांगितलं होतं, की नागीण म्हणजे जुन्याच कांजिण्यांचा झोपलेला विषाणू जागा होणं. वय वाढलं, शुगर बेफाम राहिली, स्टिरॉइड किंवा कॅन्सरची औषधं चालू असली, एचआयव्ही असला, की अंगाचा पहारा ढिला पडतो आणि तो उठतो. अमेरिकेत तिघांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी नागीण होते असा तिथला अंदाज आहे. म्हणजे पाप, शाप, साप मारल्याचा दोष यातलं काही नाही.

उठतो तो एकाच नसेच्या वाटेनं कातडीकडं येतो. म्हणून आधी दुखतं, एकदोन दिवसांपासून पाच दिवसांपर्यंत, आणि मग फोड दिसतात. या मधल्या दिवसांत भलेभले फसतात: कुणी हृदय समजतं, कुणी पित्त, कुणी मुतखडा, कुणी स्लिप डिस्क. फोड दिसल्यावर मात्र बहुतेक वेळा तपासणी लागत नाही. जाणता डॉक्टर नजरेनं ओळखतो.

आणि ती रेघ! आपल्या छातीपोटाच्या नसा कण्यातून जोडीजोडीनं निघतात, डावी डाव्या अंगाला, उजवी उजव्या. डाव्या नसेची हद्द शरीराच्या मध्यावर संपते. म्हणून नागीण अर्धाच पट्टा घालते आणि मध्यावर थांबते. रेघ ओढा, न ओढा. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी नागीण अडवली नव्हती, ती जिथं आपसूक थांबते तिथं बोट ठेवलं होतं. फोडही तसेच. आठ-दहा दिवसांत खपली धरते, दोन-चार आठवड्यांत गळून पडते. शंभर माणसं ओट्यावर येतात, बहुतेकांच्या अंगावरचं मिटतं, गुण गेरूच्या खात्यावर जमा. ज्यांचं दुखणं मागं राहतं ते ओट्यावर परत जात नाहीत, दवाखान्यात जातात, आणि लोक म्हणतात डॉक्टरी औषधानं नागीण आत दबली. जमा एकाच्या नावावर, खर्च दुसऱ्याच्या. असा हिशेब मी पोस्टात मांडला असता तर सस्पेंड झालो असतो.

तोंड शेपटीला लागण्याच्या भीतीत खरं तेवढं एकच आहे: फोड दोन्ही बाजूंना उठले किंवा अंगभर पसरले, तर ते प्रतिकारशक्ती फार खालावल्याचं लक्षण असू शकतं. त्या माणसाला तातडीनं दवाखान्यात न्यायचं असतं. म्हणजे ज्या प्रसंगाला आपण सगळ्यात जास्त घाबरतो, त्याच प्रसंगी गेरू सगळ्यात कमी कामाचा.

मला गोळ्या दिल्या, वॅलासायक्लोविर, एक ग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस. त्याआधी क्रिएटिनिन पाहिलं, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. ही औषधं फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हावीत असा दंडक आहे. मी जवळजवळ १२० तासांनी पोचलो होतो. तरी नवे फोड उठत होते म्हणून डॉक्टरांनी दिल्या. उशीर झाला म्हणून कुणी घरी बसू नये, हे यातून ध्यानात घ्या. आणि खरं ते सांगायला हवं: वेळेत गोळ्या घेतल्या असत्या तर पुढचे भोग टळलेच असते असं डॉक्टरही छातीठोकपणे म्हणाले नाहीत. फोड लवकर सुकतात, सुरुवातीची आग कमी होते, एवढं नक्की. बाकीची माझी संधी होती, ती मी एसटीच्या तिकिटांवर घालवली. लेपाखाली दोन फोड पिकले होते, त्याचं अँटिबायोटिक वेगळंच.

डॉक्टरांनी पुढं विचारलं, "घरात लहान मूल? गरोदर बाई?" माझ्या पोटात गोळा आला. पाच महिन्यांचा नातू आठवडाभर माझ्या मांडीवर खेळत होता. नागीण नागिणीसारखी दुसऱ्याला लागत नाही, पण तिच्या फोडांतल्या पाण्यातून, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवायचे, पंचा-टॉवेल वेगळा, आणि तान्ही मुलं, गरोदर बाया, कॅन्सरची औषधं चालू असलेली माणसं यांच्यापासून लांब राहायचं. कांजिण्या उठायला एकवीस दिवसांपर्यंत लागू शकतात. ते एकवीस दिवस मी कॅलेंडरवर खुणा केल्या. सून काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. नातवाला काही झालं नाही.

मला झालं. खपल्या पडल्या, डाग राहिले, आग राहिली. फोड बरे होऊन तीन महिने उलटले तरी दुखतच असेल तर तो वेगळाच आजार धरतात; नस आतून दुखावलेली असते आणि ती खोट्या तारा पाठवत राहते. माझ्याकडं अकरा महिने येत होत्या. पंख्याचा वारा भाजायचा. मधूनच वीज चमकावी तशी कळ, की हातातला चहा सांडायचा. बायकोनं जुन्या मऊ लुगड्याची बंडी शिवून दिली, तेवढीच अंगाला सोसायची. घरच्यांना वरून काही दिसत नाही, त्यामुळं पाचव्या महिन्यापासून 'मनाचं आहे' हे वाक्य दारामागून ऐकू यायला लागतं. मनाचं नसतं ते.

साधी दुखायची गोळी इथं चालत नाही. मला प्रीगाबालिन दिलं, थोड्या मात्रेपासून, रात्री. पहिल्या आठवड्यात झोप आणि गरगर. एकदा मोरीत तोल गेला. नंतर जोडीला नॉर्ट्रिप्टिलिन. तोंडाला कोरड, लघवीला वेळ. प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगा, लाजू नका. या गोळ्या चार दिवसांत गुण देत नाहीत, आणि आपल्या मनानं एकदम बंदही करायच्या नसतात. मी तिसऱ्या महिन्यात तो पराक्रम केला आणि तीन रात्री बसून काढल्या.

दोन जागा मात्र अशा आहेत की तिथं ७२ तासही मोजत बसू नये. कपाळावर, पापणीवर, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर, कारण तीच नस डोळ्यालाही जाते आणि दृष्टी जाऊ शकते. कानात किंवा कानामागं फोड उठून तोंड वाकडं व्हायला लागलं, ऐकू कमी आलं, तर कान-नाक-घशाचा डॉक्टर, तेही लगेच. तरुण वयात आली किंवा परत परत आली, तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सांगतात. त्यात बोट दाखवण्यासारखं काही नसतं, करून टाकावी.

लस आहे. पन्नाशीपुढच्यांसाठीची शिंग्रिक्स २०२३ पासून भारतातही मिळते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. तिच्या मोठ्या चाचणीत पन्नाशीपुढच्या लोकांत संरक्षण नव्वद टक्क्यांच्या वर निघालं होतं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळत नाही आणि पेन्शनरला झोंबेल अशी किंमत आहे. बायकोला आधी दिली, मग मी घेतली; एकदा होऊन गेली तरी पुन्हा होऊ शकते म्हणून. दोघांचाही दंड दोन दिवस ठणकला, मला थोडी कणकण आली. नागिणीपुढं तो लाड होता.

गेल्या चैत्रात मी पुन्हा त्या ओट्यावर गेलो, या वेळी अंगात शर्ट घालून. भांडायला नव्हतो गेलो. अकरा महिन्यांची कथा सांगितली. म्हातारबाबा शांतपणे ऐकत होते. त्यांच्याकडं अजूनही आठवड्याला दोघंतिघं येतात म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "मास्तर, डोळ्यापाशी आलेलीबी येत्यात. त्यास्नी कुटं धाडू?" माझ्या पिशवीत जुनी पोस्टकार्डं असतातच. एकावर तालुक्याच्या सरकारी दवाखान्याची वेळ लिहिली, डोळ्यांच्या डॉक्टरांचा वार लिहिला, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'गेरू लावण्याआधी' असं लिहून अधोरेखित केलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून नातवाकडून दोनदा वाचून घेतलं. मग उठून ते कार्ड खंडोबाच्या फोटोमागं खोचून ठेवलं.