गवत कापण्याच्या यंत्रास रूळ कोणता असावा?

बोरीच्या बागेत दोन ओळींमधील गवत खणून न काढता चार बोटे राखून कापीत गेल्यास उतारावरील माती वाहून जात नाही, हे मेहरूणच्या बागवाल्यांस सांगणे नलगे. हल्ली हे काम ट्रॅक्टरमागील फिरत्या पात्यांच्या यंत्राने होते. ते घेताना पात्यांची चौकशी सर्वच करतात. पत्र्याच्या कवचास लाविलेल्या रुळाची मात्र क्वचित कोणी करतो. वास्तविक उंचवट्यावरील गवत राहणार की मुळापर्यंत तासले जाणार, हे पुष्कळ अंशी रुळावरच अवलंबून असते.

गोल्फच्या मैदानांवर हा विचार बारकाईने होतो. तेथे खेळाच्या मुख्य पट्ट्याच्या कडेस राठ गवत मुद्दाम वाढू देतात. त्यास 'रफ' म्हणतात. आमच्या जुन्या खात्याच्या भाषेत तो पोटखराबाच! (आणि मुख्य पट्ट्यावर पुष्कळ ठिकाणी तीच हरळी, जी काढता काढता आपण थकतो.) ही जमीन आपल्या बागेप्रमाणेच उंचसखल असल्याने तेथील अनुभव आपणांस उपयोगी आहे.

कवचाच्या कडेस असणारे लहान रूळ भार वाहण्याकरिता नसतात. सपाट जागी ते जमिनीपासून सुमारे अर्धा इंच अधांतरी असावेत. उंचवटा आला म्हणजे टेकून त्यांनी कवच उचलावे. ते सतत घासत चालविल्यास लवकर झिजतात. पाठीमागील पूर्ण रुंदीचा रूळ मात्र भार वाहतो व उंची राखतो. तो अखंड असल्यास वळताना गवत खरडतो. सबब एकाच आसावर स्वतंत्र फिरणाऱ्या दोन-तीन तुकड्यांचा घ्यावा. पुढच्या बाजूस अखंड रूळ नसावा. पवन्या, कुसळी असे उंच गवत त्याखाली आडवे होऊन पात्यातून सुटते.

काळ्या जमिनीत आणखी दोन अडचणी आहेत. ओलीत चिखल चिकटून रूळ फुगतो व कापणीची उंची बिघडते. म्हणून खरवडणारी पट्टी हवीच. उन्हाळ्यात बारीक रूळ भेगांत अडकतो; जाड घ्यावा. हवेच्या चाकांवर चालणारे यंत्र बोरीच्या बागेत आम्हांस पसंत नाही. छाटणीचे काटे राहिलेच तर एक चाक बसते, कवच कलते आणि एका बाजूची माती उघडी पडते. आसाच्या टोकांशी गवत गुंडाळू नये म्हणून झाकण आहे काय, हेही पाहावे.

विक्रेत्याच्या फरशीवर यंत्राची परीक्षा होत नाही. ते आपल्याच बागेत, बांधालगतच्या सर्वांत वाईट तुकड्यात चालवून दाखविण्यास सांगावे, आणि तेथे उघडी माती दिसल्यास पैसे देण्यापूर्वी रूळ बदलून मागावा.