आरास आणि यादी

प्रस्तावना

सण जवळ आला की घराचे रूप पालटू लागते. कोनाकोपरा झाडला जातो, भिंतींना रंग चढतो, दारावर तोरण येते आणि अंगणात रांगोळी उमटते. त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घरोघरी तयार होत असते, ती म्हणजे खरेदीची यादी. कोणाला नवे पडदे हवे असतात, कोणाला विजेची माळ, तर कोणाला एखादी सुबक फुलदाणी. आरास आणि यादी या दोन्हींचा उगम हौसेत असला, तरी पहिलीला कल्पकता लागते आणि दुसरीला विवेक. प्रस्तुत पाठात दिवाळीच्या निमित्ताने या दोन्हींचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर आपण –
• दिवाळीच्या पारंपरिक सजावटीतील वस्तू व त्या घडवण्याची रीत यांची माहिती सांगू शकाल;
• सजावटीमागील श्रम आणि त्यावर चालणारी उपजीविका यांचे महत्त्व स्पष्ट करू शकाल;
• सणाच्या खर्चाची यादी विचारपूर्वक तयार करू शकाल;
• पाठातील म्हणी, वाक्प्रचार व सामासिक शब्द यांचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

१. उंबरठ्यावरचे स्वागत

दिवाळी हा दिव्यांचा सण. महाराष्ट्रात व गोव्यात वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत तो रंगतो. या दिवसांतील सजावट नीट पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. तिचा भर घराच्या आतल्या दालनापेक्षा उंबरठ्यावर अधिक असतो. रांगोळी दारापुढे, तोरण चौकटीवर, पणत्या पायरीवर आणि आकाशकंदील दाराबाहेर उंच टांगलेला. घरात येणाऱ्याचे स्वागत करणे हाच या आराशीचा मूळ हेतू होय. त्यामुळे ती केवळ घरच्यांसाठी राहत नाही. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसालाही तिचा आनंद मिळतो.

रांगोळी ही त्यातली सर्वांत साधी आणि सर्वांत अल्पायुषी कला. जमीन सारवून किंवा गेरू लावून घेतली की त्यावर ठिपके मांडले जातात. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीतून शुभ्र भुकटीची धार सोडत ठिपके जोडले जातात. स्वस्तिक, गोपद्म, कमळ, शंख आणि लक्ष्मीची पावले ही तिची नेहमीची चिन्हे. भारतभर हीच कला निरनिराळ्या नावांनी नांदते. तमिळनाडूत ती कोलम, आंध्र प्रदेश व तेलंगणात मुग्गु, बंगालात अल्पना, बिहारच्या मिथिलेत अरिपन, तर राजस्थानात मांडणा म्हणून ओळखली जाते. परप्रांतात राहणाऱ्या मराठी घराच्या अंगणात कधी शेजारच्या कोलमचे वळण उतरते, तर कधी शेजारीण ठिपक्यांची रांगोळी शिकून जाते. दुसऱ्या दिवशी पुसली जाणारी ही कला अशा रीतीने हातातून हातात टिकून राहिली आहे.

तोरणात आंब्याची पाने आणि झेंडूची फुले असतात. झेंडू हे फूल आपल्या सणांशी इतके एकरूप झाले आहे, की त्याचे मूळ अमेरिका खंडात आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. परक्या मुलखातून आलेले फूल येथील चौकटीवर मानाने बसले, यावरून परंपरा ही गोठलेली वस्तू नसते हेही उमगते.

२. कागदाचा कंदील आणि मातीची पणती

पारंपरिक आकाशकंदील करण्यास फार साहित्य लागत नाही. बांबूच्या बारीक कामट्या दोऱ्याने बांधून सांगाडा उभा करतात. त्यावर रंगीत पतंगी कागद खळीने चिकटवतात आणि खाली कागदी झिरमिळ्या सोडतात. काम सोपे दिसते. पण एखादी कामटी जरी लांबीने कमी-अधिक झाली, तरी सांगाडा कलतो. मोजमाप, संयम आणि हातांचा हलकेपणा या तिन्हींची येथे परीक्षा होते. मुंबईत माहीमच्या एका गल्लीला तेथील आकाशकंदिलांच्या बाजारामुळे ‘कंदील गल्ली’ हेच नाव पडले आहे.

कंदिलाच्या आत दिवा कोणता लावावा, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा रोज पाच तास याप्रमाणे पाच रात्री लावला, तर एक युनिट वीज लागते. ५ वॅटचा एलईडी दिवा तेवढाच वेळ लावला, तर युनिटचा केवळ आठवा भाग खर्च होतो. शिवाय तो फारसा तापत नसल्यामुळे पातळ कागदाला झळ लागण्याचा धोकाही कमी होतो.

पणतीची कथा याहून जुनी आहे. माती चाळणे, भिजवणे, मळणे, चाकावर घडवणे, उन्हात वाळवणे आणि मग आव्यात भाजणे, इतक्या पायऱ्या ओलांडून ती आपल्या हाती येते. पुरती न वाळलेली पणती भाजताना तडकते. म्हणून दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, की इतरांच्या खरेदीचा एक दिवस बुडतो. कुंभाराची मात्र अनेक आठवड्यांची कमाई धोक्यात येते. मुंबईतील धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून येऊन स्थायिक झालेली कुंभार कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. पणती नवी असताना तेल फार पिते. ती काही तास पाण्यात भिजवून, वाळवून मग वापरली, तर तेलाची बचत होते, हा घरोघरच्या गृहिणींचा अनुभव आहे.

मुलांचा वाटा किल्ल्याचा. दगड, विटा आणि माती रचून महाराष्ट्रातील मुले अंगणात किल्ला उभारतात. त्यावर शिवाजी महाराजांची मूर्ती व मावळे मांडतात आणि उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवतात. या सजावटीचा खर्च जवळजवळ शून्य असतो, आणि तरीही शेजारची मंडळी मुद्दाम पाहायला येतात ती तिलाच.

मध्यंतरी थर्मोकोल व प्लॅस्टिक यांनी सजावटीत मोठी जागा व्यापली. स्वस्त, हलके आणि चटकन कापता येणारे हे साहित्य सणानंतर मात्र कुजत नाही. ते नाल्यांत व ओढ्यांत साचून राहते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आली. कागद, कापड, बांबू आणि माती यांकडे पुन्हा वळण्याची ही एक संधीच म्हणावी लागेल.

३. यादीतील तीन रकाने

दिवाळी आणि बोनस यांचे नाते कामगारांना सांगावे लागत नाही. बोनस कायद्याने, त्याच्या कक्षेत येणाऱ्या कामगारांना वर्षाच्या वेतनाच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे एका महिन्याच्या वेतनाइतका बोनस देण्याची तरतूद केली. परंतु रोजंदारीवर राबणारे, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या स्त्रिया अशा असंख्य कुटुंबांच्या हाती ही जादा रक्कम येत नाही. सण मात्र त्यांच्याही दारी येतो. अशा वेळी यादी करणे म्हणजे हौस मारणे नव्हे, तर हौसेला वाट काढून देणे होय.

यादीचे तीन रकाने करावेत : गरजेचे, रीतीचे आणि हौसेचे. समजा, एका कुटुंबाने सणासाठी ६,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. कपडालत्ता २,४०० आणि फराळाचे सामान १,६०० हा गरजेचा खर्च. तेलवात, रांगोळी व फुले ५०० आणि भाऊबीजेची ओवाळणी ५०० हा रीतीचा खर्च. येथवर बेरीज ५,००० होते आणि १,००० रुपये उरतात. आता हौसेचा रकाना पाहू. तयार आकाशकंदील ४५०, विजेची माळ ३५०, फुलदाणी ४०० आणि पडदे १,२००, एकूण २,४००. म्हणजे १,४०० रुपये कमी पडतात.

येथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट उसनवारीची. दरमहा शेकडा पाच दराने १,४०० रुपये घेतले, तर महिन्याला ७० रुपये व्याज होते. पुढच्या दिवाळीपर्यंत फेड झाली नाही, तर नुसते व्याजच ८४० रुपये होते आणि १,४०० रुपयांची हौस २,२४० रुपयांना पडते. ‘ऋण काढून सण करणे’ या म्हणण्यातील कडवटपणा या हिशोबात आहे. पडदे जुने होतात, माळ बंद पडते. देणे मात्र ताजेच राहते.

दुसरी वाट हातांची. कामट्या व कागद आणून कंदील घरी केला, तर तो समजा १०० रुपयांत होतो. पडदे जुन्या साडीचे शिवले, तर घरच्या सुईदोऱ्यावर भागते. माळ ३५०, कंदील १०० आणि फुलदाणी ४०० मिळून ८५० रुपये होतात व १५० रुपये शिल्लक राहतात. घर सजते आणि कोणाचे देणेही लागत नाही.

या यादीत फुलदाणी तशीच ठेवली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. घर सजवण्याचे बहुतेक श्रम घरातील स्त्रीच करते. परंतु पैसे कमी पडले की पहिली काट तिच्याच आवडीच्या वस्तूवर मारली जाते. पुष्कळदा ती आपली इच्छा यादीत लिहीतच नाही. म्हणून यादी सर्वांनी मिळून करावी. प्रत्येकाने आपली एक इच्छा लिहावी आणि कोणाची यंदा व कोणाची पुढच्या वर्षी, हे बोलून ठरवावे. मुलांनाही ‘नाही’ या शब्दामागचे कारण कळले, तर तो शब्द कमी बोचतो.

काटकसरीचा अर्थ पणतीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणे असा मात्र नाही. मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने मोजणारा हात रस्त्यावरच्या विक्रेत्यापुढे आखडता का व्हावा? त्याच्या घरीही त्या रात्री दिवा लागायचा असतो. तो आपल्या खरेदीवर लागतो, याची जाणीव असणे हीसुद्धा एक आरासच आहे.

शब्दार्थ

आरास – सजावट, मांडणी
तर्जनी – अंगठ्याजवळचे बोट
कामटी – बांबूची चिरलेली पातळ काडी
खळ – पीठ शिजवून केलेला चिकट पदार्थ
आवा – कुंभाराची भट्टी
अवकाळी – हंगाम सोडून येणारा
रकाना – लिखाणासाठी आखलेला उभा भाग
ओवाळणी – ओवाळल्यावर तबकात घालायची भेट

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. मिथिलेत रांगोळीला ____ म्हणतात. (अल्पना / अरिपन / मुग्गु)
२. पुरती न वाळलेली पणती भाजताना ____. (तडकते / विरघळते / काळी पडते)
३. पाठातील कुटुंबाचा गरजेचा व रीतीचा मिळून खर्च ____ रुपये होतो. (४,००० / ५,००० / ६,०००)

भाषाभ्यास

(अ) वाक्प्रचार
हात आखडता घेणे – देताना किंवा खर्च करताना कमी देणे. वाक्य : दुष्काळग्रस्तांना मदत करताना गावाने हात आखडता घेतला नाही.
अंथरूण पाहून पाय पसरणे – ऐपतीप्रमाणे खर्च करणे. या वाक्प्रचाराचा उपयोग करून आपण स्वतः एक वाक्य तयार करा.

(आ) समास
‘बहीणभाऊ’ या शब्दाचा विग्रह ‘बहीण आणि भाऊ’ असा होतो. दोन्ही पदे सारख्याच महत्त्वाची असल्याने हा इतरेतर द्वंद्व समास आहे. ‘कपडालत्ता’ या शब्दात मात्र कपड्यांबरोबर त्याच प्रकारच्या इतर वस्तूंचाही समावेश होतो. म्हणून तो समाहार द्वंद्व समास होय.

आपण काय शिकलात

• दिवाळीच्या सजावटीचा मूळ हेतू येणाऱ्याचे स्वागत हा आहे.
• रांगोळी, कंदील व पणती यांमागे कौशल्य आणि अनेकांची उपजीविका आहे.
• गरज, रीत आणि हौस असे भाग पाडल्यास खर्चाचा तोल राखता येतो.
• घरातील प्रत्येकाच्या, विशेषतः स्त्रीच्या इच्छेला यादीत स्थान असावे.

पाठान्त प्रश्न

१. दिवाळीच्या सजावटीचा भर उंबरठ्यावर असतो, याचे कारण स्पष्ट करा.
२. अवकाळी पावसाचा कुंभाराच्या व्यवसायावर होणारा परिणाम लिहा.
३. ‘यादी करणे म्हणजे हौस मारणे नव्हे, तर हौसेला वाट काढून देणे होय.’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे सांगा.
४. आपण राहता त्या प्रदेशात सणाला घर कसे सजवतात, याविषयी दहा ओळी लिहा. तेथील स्थानिक शब्दांचा उपयोग करा.
५. आपल्या कुटुंबासाठी पुढील सणाची तीन रकान्यांची यादी तयार करा. ती करताना घरातील प्रत्येकाला त्याची इच्छा विचारा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. अरिपन २. तडकते ३. ५,०००