रिकाम्या जागेचे मोल

सूर्याची ऊर्जा दिवसा विपुल मिळते, पण दिवा लागतो तो रात्री. म्हणून ऊर्जा मिळविण्याइतकेच ती साठविणेही महत्त्वाचे आहे. या कामी कार्बन हे मूलद्रव्य उपयोगी पडते. चुलीतला कोळसा जळून ऊर्जा देतो. पण कार्बनची काही रूपे, न जळता, आपल्या अंतरंगातील रिकाम्या जागेत ऊर्जा साठवू शकतात.

१९७० च्या दशकातील लिथियम बॅटरीत ऋण बाजूस लिथियम धातू असे. पुन्हापुन्हा भारित करताना त्यावर सुयांसारखे काटे वाढत. ते दुसऱ्या बाजूला टेकले, की बॅटरी पेट घेण्याचा धोका असे. १९८५ मध्ये जपानचे अकिरा योशिनो यांनी धातूऐवजी पेट्रोलियम कोक हा कार्बनयुक्त पदार्थ वापरला. बॅटरी भारित होताना लिथियमचे आयन कार्बनच्या थरांमध्ये शिरतात आणि वीज देताना बाहेर पडतात. १९९१ मध्ये अशी बॅटरी बाजारात आली. पुढे कोकची जागा ग्रॅफाइटने, म्हणजे पेन्सिलीतील शिशाच्या मुख्य घटकाने, घेतली. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक योशिनो, गुडइनफ आणि व्हिटिंगहॅम यांना मिळाले.

लिथियमच्या मानाने सोडियम विपुल आहे. मिठातही तो असतो. परंतु ग्रॅफाइटच्या थरांत तो नीट सामावत नाही. त्याला अस्ताव्यस्त थरांचा, पोकळ्या असलेला ‘कठीण कार्बन’ लागतो. तो नारळाच्या करवंटीपासूनही बनविता येतो.

हायड्रोजन साठविणे याहून अवघड आहे. नेहमीच्या दाबाला एक किलोग्रॅम हायड्रोजन अकरा हजार लिटरहून अधिक जागा व्यापतो. एक ग्रॅम सच्छिद्र सक्रिय कोळशाच्या छिद्रांचा पृष्ठभाग पसरला, तर कबड्डीची सात मैदाने झाकली जातील. या पृष्ठभागावर हायड्रोजन अतिशीत अवस्थेत चांगला चिकटतो. सामान्य तापमानाला मात्र फारच थोडा. १९९० च्या दशकात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांत व तंतूंत विपुल हायड्रोजन मावतो, असे दावे झाले. त्यांतील सर्वांत मोठे दावे इतर प्रयोगशाळांच्या पडताळणीत टिकले नाहीत.

दाव्याला मोल येते ते पडताळणीने. म्हणूनच हा शोध आजही संयमाने चालू आहे.

स्वाध्याय
१. लिथियम धातूऐवजी कार्बन वापरल्याने कोणता धोका कमी झाला?
२. ‘रिकाम्या जागेचे मोल’ हे शीर्षक कसे योग्य आहे, ते सोदाहरण स्पष्ट करा.